गोठ्यातला क्षय

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोरच पिळली जाते. पेल्यावर फेस चढलेला, दूध अजून म्हशीच्या अंगाइतके ऊन, आणि ते उभ्याउभ्याच घशाखाली. याला आपल्याकडे 'धारोष्ण' असा देखणा शब्द आहे, आणि तालमीतल्या पोरांच्या दंडावरचे मांस या शब्दाच्या खात्यावर मांडायची जुनी रीत आहे. मीही प्यायलो आहे. चव विसरण्यासारखी नाही. पण त्याच कोल्हापुरात, दोन गल्ल्या पलीकडे, तेच दूध घरात आले की आधी पातेल्यात चढते, उकळी येते, आणि कुणाचे लक्ष चुकले की ओट्यावर उतू जाते. जनावराचा क्षय माणसाला होतो का, आणि माणसाचा जनावराला होतो का, या प्रश्नाचा बराचसा इतिहास धार आणि उकळी या दोन सवयींच्या मधल्या जागेत मावतो.

दोन्हींचे उत्तर 'होतो' असेच आहे. पण पहिला प्रश्न शंभर-दीडशे वर्षे विचारला गेला, त्यावर आयोग बसले, कायदे झाले, लाखो गाई मारल्या गेल्या. दुसरा मात्र कोणी फारसा विचारलाच नाही. भारताच्या बाबतीत ही चूक महाग पडलेली असू शकते.

आधी जंतूंची ओळख करून घेऊ. क्षयाचा जंतू एकटा नाही, ते एक कूळच आहे. माणसाच्या क्षयात बहुतेक वेळा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस सापडतो, गाईगुरांच्या क्षयात जगभर गाजलेला आहे बोव्हिस, शेळ्यांत काप्री, सील या सागरी प्राण्यांत पिनिपेडी, आणि आपल्या भागात ओरिजिस, ज्याच्याकडे पुढे यायचे आहे. ही भावंडे एकमेकांशी जनुकांच्या पातळीवर ९९.९ टक्क्यांहून अधिक जुळतात. भाऊबंदकी अशी की प्रत्येकाचे घर ठरलेले, पण दुसऱ्याच्या घरात शिरायला कुणालाच मज्जाव नाही.

जनावराच्या अंगात हा रोग मुरलेला असतो. गाय खाते, पिते, दूध देते, वर्षानुवर्षे काही दिसत नाही. पुढे कधी कोरडा खोकला, कधी गळ्याजवळच्या गाठी, कधी चांगला चारा असूनही बरगड्या मोजता याव्यात अशी अवस्था. गाईकडून गाईला तो मुख्यतः श्वासातून जातो, म्हणजे बंद आणि दाटीच्या गोठ्यात जास्त. कासेपर्यंत रोग पोचलेली जनावरे थोडी असतात, पण अशा एका गाईचे दूध दहा गाईंच्या दुधात मिसळले की सगळीच घागर नासली. माणसाच्या शरीरातही वाटेप्रमाणे रोगाचे रूप बदलते. श्वासातून आला तर फुप्फुसात बसतो, दुधातून आला तर मानेच्या गाठीत किंवा आतड्यात. जुन्या मराठीत ज्याला गंडमाळा म्हणत, त्यातल्या काहींचे मूळ गोठ्यात असणार.

रोग जनावर आणि माणूस दोघांत एकच आहे हे दाखवायला सुरुवात केली ती झाँ-आंत्वान व्हिलमाँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने. १८६५ साली त्याने क्षयाने मेलेल्या माणसाच्या गाठीतला पदार्थ सशांना टोचला आणि ससे आजारी पडले. गाईच्या गाठीतला टोचला तेव्हा ते आणखी लवकर खंगले. १८६८ मध्ये ओग्युस्त शोव्हो यांनी असाच पदार्थ वासरांना खाऊ घालून पाहिला आणि वासरांना क्षय झाला. १८८२ च्या २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगाला दाखवला. तेव्हा माणसाचा जंतू आणि गाईचा जंतू एकच, असे त्यांचे मत होते. १८९८ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी दोघांत फरक असल्याचे सिद्ध केले. इथवर सगळे सरळ चालले होते.

मग आले १९०१. लंडनच्या क्षयरोग परिषदेत कॉख उभे राहिले आणि त्यांनी आपले मत फिरवले: गाईचा क्षय माणसाला होण्याचा धोका इतका किरकोळ आहे की त्यासाठी दूध-मांसावर निर्बंध घालायची गरज नाही. त्यांचा आधार असा होता. माणसाचे जंतू तरुण जनावरांना देऊन पाहिले, जनावरे आजारी पडली नाहीत. शिवाय दुधातून रोग येत असता तर मुलांच्या आतड्यात सुरू होणारा क्षय भरपूर दिसला असता, तो तर क्वचितच दिसतो. सभागृहात जोसेफ लिस्टर होते, फ्रान्सचे पशुवैद्य एडमाँ नोकार होते. त्यांनी तिथेच शंका काढल्या. पण कॉख म्हणजे कॉख. ज्याने जंतू शोधला त्याच्याशी वाद घालायचा कसा?

या युक्तिवादातली खोच पाहण्यासारखी आहे. माणसाचा जंतू गाईला सहज होत नाही, यावरून गाईचा जंतू माणसाला होत नाही असा निष्कर्ष काढला गेला. हे दोन वेगळे रस्ते आहेत. एक बंद आहे म्हणून दुसराही बंद, असे मानायला काही कारण नव्हते. आणि गंमत म्हणजे पहिला रस्ताही पूर्ण बंद नाही, हे पुढे कळायचे होते.

ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी एक शाही आयोग नेमला. त्याचे काम दहा वर्षे चालले. माणसांतून मिळालेले जंतू जनावरांना देणे, मुलांच्या गाठींतून आणि आतड्यांतून जंतू वेगळे काढून त्यांची जात ठरवणे, असे चिवट प्रयोग झाले. १९११ च्या अंतिम अहवालात निष्कर्ष स्पष्ट होता: गाईचा क्षय माणसाला होतो, मुलांना विशेष होतो, आणि त्याची मुख्य वाट दूध हीच आहे.

निष्कर्ष आला म्हणून दूध सुरक्षित झाले नाही. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या सुमारे ४० टक्के दुभत्या गाई क्षयबाधित होत्या आणि दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसे गाईच्या क्षयाने मरत होती. दूध तापवायला विरोध करणारे लोक होते, आणि ते अडाणी नव्हते. तापवल्याने दुधाचा कस जातो, मुले अशक्त होतात, छोट्या गवळ्यांचा धंदा बुडून मोठ्या डेअऱ्यांचे फावते, असे त्यांचे म्हणणे होते. यातला शेवटचा मुद्दा खोटाही नव्हता. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्याने १८९३ पासून गरीब मुलांसाठी पाश्चराइज्ड दुधाची केंद्रे स्वतःच्या खिशातून चालवली होती. १९०८ मध्ये शिकागोने पाश्चरायझेशन सक्तीचे करणारा कायदा केला. १९१७ पासून अमेरिकेने गाई तपासून बाधित गाई मारण्याची देशव्यापी मोहीम सुरू केली. ती सुखाने झाली नाही. १९३१ मध्ये आयोवा राज्यात शेतकऱ्यांनी तपासणीला आलेल्या पशुवैद्यांना पिटाळून लावले. चाचणी खोटी आहे, तिने गाई गाभडतात, सरकार आम्हाला लुटतेय, अशी हाकाटी झाली, आणि गव्हर्नर डॅन टर्नर यांना नॅशनल गार्डचे सैनिक गोठ्यांवर पाठवावे लागले. अमेरिकी इतिहासात याला 'गाय-युद्ध' म्हणतात. भाव पडलेले, बँका बुडालेल्या, आणि त्यात सरकारी डॉक्टर येऊन गाय मारायला सांगतो! आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यातल्या शेतकऱ्याला ते भांडण समजावून सांगावे लागणार नाही.

पाश्चरायझेशनचे आकडे ठरवताना डोळ्यांसमोर हाच जंतू होता. ६३ अंशांवर अर्धा तास, किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद. क्षयाचा जंतू तेवढ्याने मरतो. घरच्या पातेल्यातली उकळी त्याच्या कितीतरी वर जाते. म्हणजे ब्रिटन-अमेरिकेला जे कायद्याने, यंत्राने आणि भांडून मिळवावे लागले, ते आपल्या आज्या-पणज्या चुलीवर रोज करत होत्या. कारण वेगळे होते. त्यांना दूध नासू द्यायचे नव्हते आणि साय हवी होती. पण जंतू हेतू विचारत नाही. आमची आजी दिवसातून तीनदा दूध तापवायची. आम्ही तिला चेष्टेने अग्निहोत्री म्हणायचो.

उकळी नसली की काय होते याचा अलीकडचा नमुना कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत आहे. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या या भागात १९९४ ते २००५ या काळात मुलांतल्या जंतू-सिद्ध क्षयापैकी जवळजवळ निम्मा क्षय बोव्हिसचा निघाला. संशय कच्च्या दुधाच्या ताज्या मेक्सिकन चीजवर गेला. एकविसाव्या शतकातले अमेरिकन शहर, आणि शंभर वर्षांपूर्वीची वाट. पुण्या-मुंबईत आता काचेच्या बाटलीतून देशी गाईचे 'कच्चे आणि शुद्ध' दूध दारात येते, तेव्हा मला सॅन दिएगो आठवते. बाटली कितीही देखणी असो, दूध पातेल्यात चढवले की वाद मिटला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुधाचे हे वाद चालू होते, त्याच काळात गाईने माणसावर एक उपकारही केला. फ्रान्समधल्या लील शहरात आल्बेर काल्मेत हे डॉक्टर आणि कामीय गेरँ हे पशुवैद्य एकत्र बसले. नोकार यांनी क्षयग्रस्त गाईकडून मिळवलेला बोव्हिसचा वाण त्यांच्याकडे होता. पित्त आणि ग्लिसरीन घातलेल्या बटाट्याच्या फोडींवर तो त्यांनी १९०८ पासून तेरा वर्षे वाढवला, २३० वेळा नव्या फोडीवर उतरवला. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने लील ताब्यात घेतले, तरी हे काम थांबले नाही. दर उतरणीला जंतूचा विखार थोडाथोडा उतरत गेला, आणि १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला तो दिला गेला. बीसीजीतले 'बी' बॅसिलसचे, 'सी' काल्मेतचे, 'जी' गेरँचे. आपल्या दंडावरचा तो गोल व्रण गाईच्या क्षयाचा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

गाईने आपल्याला क्षय दिला, दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने गुरे पाळली तेव्हा, ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे होती. ऐकायला पटते. २००२ मध्ये जंतूंच्या जनुकांची तुलना झाली आणि ती उलटी पडली. बोव्हिसने जनुकसंचाचे जे तुकडे गमावले आहेत ते माणसाच्या जंतूत शाबूत आहेत. गमावलेला तुकडा परत येत नाही, त्यामुळे माणसाचा जंतू बोव्हिसपासून निघालेला असू शकत नाही. दोघे एका जुन्या पूर्वजाच्या वेगवेगळ्या शाखा. त्याहून नवलाचे २०१४ मध्ये पेरू देशात उघड झाले. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या तीन मानवी सांगाड्यांतून क्षयाच्या जंतूचे डीएनए काढले, तर ते सीलमध्ये सापडणाऱ्या पिनिपेडीशी सर्वांत जवळचे निघाले. कोलंबसाच्या आधी अमेरिकेत क्षय आला कसा, हे कोडे होते. किनाऱ्यावर सील मारून खाणाऱ्या माणसांनी तो समुद्रातून घरात आणला असावा.

वन्य प्राण्यांकडून येणारा क्षय हा या प्रश्नाचा सर्वांत भांडखोर भाग. इंग्लंडमध्ये पाश्चरायझेशन आणि तपासणीने गाईंचा क्षय जवळजवळ संपत आला होता, तेवढ्यात १९७१ मध्ये ग्लॉस्टरशरमध्ये एक बॅजर क्षयाने मेलेला सापडला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, बिळात राहणारा, मुलांच्या गोष्टीपुस्तकांचा लाडका प्राणी. त्याला मारावे की नाही, यावर तो देश पन्नासहून अधिक वर्षे भांडतो आहे. १९९८ ते २००५ पर्यंत एक मोठा, काटेकोर प्रयोग झाला. त्यात सुमारे ११ हजार बॅजर मारले. निष्कर्ष असा निघाला की मारलेल्या भागात गाईंचा क्षय थोडा घटतो, पण उरलेले बॅजर बिथरून इकडेतिकडे पळतात आणि शेजारच्या भागात तो वाढतो. जॉन बोर्न यांच्या स्वतंत्र वैज्ञानिक गटाने २००७ मध्ये सांगितले की या मारण्याने अर्थपूर्ण उपयोग होणार नाही. तरीही २०१३ पासून सरकारने मारायला सुरुवात केली आणि मारलेल्या बॅजरांची संख्या दोन लाखांवर गेली. 'क्वीन' बँडचा गिटारवादक ब्रायन मे विरोधाच्या मोर्च्यांत पुढे. माझे मत विचाराल तर विज्ञान तिथे कधीच अपुरे नव्हते. भांडण गाय कोणाची आणि रान कोणाचे याचे होते.

बाकीच्या देशांत प्राणी बदलतात, गोष्ट तीच. न्यूझीलंडमध्ये ऑस्ट्रेलियातून आणून सोडलेला पॉसम, स्पेनमध्ये रानडुक्कर, अमेरिकेच्या मिशिगनमध्ये हरीण. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पाळीव गुरांकडून रोग रानम्हशींत शिरला, १९९० मध्ये तो लक्षात आला, आणि त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांपर्यंत पोचला. ऑस्ट्रेलियाने मात्र १९७० पासून मोहीम चालवून १९९७ मध्ये क्षयमुक्ती जाहीर केली. तिथे बॅजर नव्हते.

आता दुसरा रस्ता, माणसाकडून जनावराकडे. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा गाईंत नव्हे, हत्तींत मिळाला. १९९४ ते १९९६ दरम्यान अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात एका खासगी प्राणिफार्मवरचे तीन हत्ती मेले आणि चौथ्याला क्षय असल्याचे आढळले. जंतू बोव्हिस नव्हता, माणसाचाच होता. २२ हत्ती-रक्षकांची तपासणी झाली, त्यात ११ जणांची त्वचा-चाचणी पॉझिटिव्ह आली आणि एकाला प्रत्यक्ष क्षय होता. त्याचा जंतू आणि चारही हत्तींचा जंतू ठशाला ठसा जुळले. कोणी कोणाला दिला हे ठामपणे सांगता आले नाही, पण तो जंतू मूळचा माणसाचा, एवढे नक्की. माहूत आणि हत्ती यांचे आयुष्य जिथे एकमेकांच्या श्वासावर चालते, त्या नेपाळात आणि दक्षिण भारतातही पाळीव हत्तींत माणसाचा क्षय सापडला आहे.

गाईंत हे कमी घडते, पण घडते. मूत्रपिंडात बोव्हिसचा क्षय असलेल्या गड्यांनी गोठ्यात लघवी केल्याने गाई बाधित झाल्याच्या युरोपात जुन्या नोंदी आहेत. इथिओपियात गाईंत माणसाचा जंतू सापडला तेव्हा संशोधकांनी गुराख्यांच्या एका सवयीकडे बोट दाखवले. ते चघळलेल्या तंबाखूचा रस औषध म्हणून जनावराच्या तोंडात सोडतात. भारतातही गाईंमधून माणसाचा ट्युबरक्युलोसिस पुन्हा पुन्हा मिळाला आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त ज्या देशात, आणि २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे १९ कोटी २५ लाख गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी ज्या देशात, तिथे हे न घडते तरच आश्चर्य. कोकणात गोठा घराच्या पडवीला लागून, देशावर कित्येक घरांत माणूस आणि बैल एकाच छपराखाली. खोकणारा माणूस वैरण टाकतो, धार काढतो, रात्री राखणीला तिथेच झोपतो.

भारतातल्या गाईंचा क्षय किती? २०१८ मध्ये ४४ जुन्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली आणि सरासरी ७.३ टक्के जनावरे बाधित, म्हणजे अंदाजे २ कोटी १८ लाख, असा आकडा आला. हे अभ्यास वेगवेगळ्या चाचण्यांचे, बरेचसे संघटित फार्मवरचे आहेत, त्यामुळे या आकड्याला ढोबळ अंदाजापलीकडे महत्त्व देऊ नये. पण तो निम्मा धरला तरी काही देशांची सगळी गुरे मिळून होतील त्याहून जास्त भरतो.

मग माणसात किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगात १ लाख ४० हजार लोकांना जनावरांकडून क्षय झाला आणि ११,४०० जण मेले, असा अंदाज दिला. जगातल्या एकूण क्षयाच्या दीड टक्क्याच्या आत. पण हा अंदाज बोव्हिस मोजून केलेला आहे, आणि इथेच भारताची गोष्ट वेगळे वळण घेते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २०१८-१९ च्या सहा महिन्यांत आलेले ९४० नमुने जनुकीय पद्धतीने तपासले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गाईंकडून आलेला बोव्हिस एकही नव्हता. सापडले ते सात ओरिजिस.

ओरिजिस हे नाव ऑरिक्स या आफ्रिकी-अरबी हरणावरून पडले, आणि २०१२ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. नाव हरणाचे, पण रहिवासी आपला. बांगलादेशात तो गाईंत आणि माकडांत मिळाला, नेपाळात गेंड्यात, चेन्नईत गाई, काळवीट आणि चितळांत. युरोप-अमेरिकेत ज्या माणसांत तो आढळतो त्यांतली बरीचशी दक्षिण आशियातून आलेली असतात. म्हणजे जगभरच्या मार्गदर्शिका बोव्हिसला जनावरी क्षयाचा प्रतिनिधी मानून चालल्या, आणि आपल्या गोठ्यात वेगळाच पाहुणा बसला होता. चोर शोधायला निघालो, पण वर्णन शेजारच्या गावच्या चोराचे घेऊन.

सात म्हणजे ९४० मध्ये एक टक्काही नाही. मात्र तपासलेले नमुने हे ज्यांचे जंतू वाढले त्यांचेच. मानेची गाठ, आतडे, मणका यांतला क्षय थुंकीत दिसत नाही, गाठीतून सुई घालून नमुना काढावा लागतो, आणि दुधातून येणारा क्षय तर मुख्यतः तिथेच बसतो. भारतात नोंदल्या जाणाऱ्या क्षयाचा सुमारे चौथा भाग फुप्फुसाबाहेरचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली सगळी भावंडे सारखीच गुलाबी काडी दिसतात. सीबीनॅट यंत्र आणि गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट या दोन्ही चाचण्या क्षयाचे कूळ ओळखतात, भावंड ओळखत नाहीत. रिपोर्टवर 'एमटीबी डिटेक्टेड' येते आणि उपचार सुरू होतात. बहुतेकांना त्याने गुण येतो. बोव्हिसचा रुग्ण असेल तर मात्र नेहमीच्या चार औषधांतले पायराझिनामाइड त्याच्यावर चालतच नाही, तो जंतू जन्मतःच त्याला दाद देत नाही. ओरिजिसमध्ये हा दोष नाही, हे आपले नशीब. पण नशिबाचा हा भाग कळायलाही जात ओळखावी लागतेच.

जनावरांकडे मात्र उपायांची वानवा आहे. गाईची चाचणी म्हणजे मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन टोचायचे, ७२ तासांनी कॅलिपरने घडी मोजायची, आणि ४ मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा आला तर पॉझिटिव्ह. मातीतल्या निरुपद्रवी भावंडांमुळे फसगत होऊ नये म्हणून शेजारी पक्ष्यांच्या क्षयाचे ट्युबरक्युलिनही टोचून तुलना करतात. (कॉख यांनी १८९० मध्ये हे द्रव्य औषध म्हणून काढले होते. औषध म्हणून ते पडले, चाचणी म्हणून टिकले.) जगात ठिकठिकाणी पॉझिटिव्ह गाय मारतात आणि मालकाला भरपाई देतात. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाय आणि २०१५ पासून बैल व वळूही मारता येत नाहीत, आणि बहुतेक राज्यांत थोड्याफार फरकाने तसेच आहे. कायद्याची बाजू घ्या किंवा विरोधात बोला, 'तपासा आणि मारा' हा रस्ता आपल्याकडे नाही. २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात गाईचा क्षय नोंदलेला आहे. वीर्यकेंद्रांवरचे वळू नियमाने तपासले जातात, बाधित निघाले तर काढून टाकले जातात. साध्या शेतकऱ्याच्या गाईपर्यंत हे पोचत नाही, आणि पोचले तरी पॉझिटिव्ह निघालेल्या गाईचे त्याने करायचे काय? दूध देते आहे, हप्ते चालू आहेत. ती पुढच्या आठवडी बाजारात उभी राहिली तर त्याला दोष देणे सोपे आहे. नाहीतर ती गोशाळेत किंवा पांजरपोळात जाते. तिथे म्हातारी, भाकड, आजारी जनावरे एकाच छपराखाली, आणि त्यांची सेवा करणारी माणसेही तिथेच. करुणेने उभी राहिलेली ही जागा जंतूंना सर्वांत सोयीची ठरावी हे दुःखद आहे, पण ते बोलून दाखवायला हवे.

संकरित गाईंचा मुद्दाही इथे येतो. इथिओपियात होल्स्टीन गाईंत क्षयाचे प्रमाण तिथल्या वशिंडाच्या गाईंपेक्षा जास्त आढळले. आपल्याकडे हे वाचून खिल्लार आणि देवणीचा जयजयकार लगेच सुरू होईल. थोडे थांबावे. त्याच इथिओपियात दाटीने बांधून ठेवलेल्या गाईंत रोग रानात चरणाऱ्यांपेक्षा जास्त तीव्र दिसला. वंशाचा वाटा असेल, पण बांधून ठेवल्याचाही आहे, आणि शहराजवळच्या तबेल्यात खिल्लार दाटीने बांधली तर ती काय करेल हे कोणी पाहिलेले नाही.

मारता येत नसेल तर लस. बीसीजी गाईला टोचायची कल्पना जवळजवळ त्या लसीइतकीच जुनी आहे, आणि ती अडली होती एका साध्या गोष्टीवर. लस दिलेली गाय ट्युबरक्युलिन चाचणीत पॉझिटिव्ह येते, मग बाधित कोण आणि लसवंत कोण हे कसे ओळखणार? बीसीजीत नसलेल्या प्रथिनांवर आधारलेली नवी त्वचा-चाचणी आता हे दोन गट वेगळे करू शकते. लस कितपत उपयोगी, याचा सर्वांत चांगला प्रयोग पुन्हा इथिओपियातच झाला आणि २०२४ च्या 'सायन्स' नियतकालिकात आला. बाधित गाईंबरोबर लस दिलेली आणि न दिलेली वासरे वर्षभर ठेवली, मग त्या वासरांना नव्या जनावरांबरोबर पुन्हा वर्षभर. लस दिलेल्यांतल्या काहींना लागण झालीच, पण ती पुढे कमी पसरवत होती. लागण कमी होणे आणि पुढे कमी पसरणे, हे दोन्ही परिणाम मिळून प्रसार ८९ टक्क्यांनी घटला. पेन्सिल्व्हेनियात काम करणारे विवेक कपूर या संशोधनाच्या प्रमुखांपैकी होते, आणि मारणे शक्य नसलेल्या देशांत भारताचे नाव त्यांच्या डोळ्यांसमोर असणे स्वाभाविक होते.

पण लस गाईकडून गाईकडे जाणारा रस्ताच अडवते. २०१२ मध्ये न्यूझीलंडमधून एक छोटी नोंद प्रसिद्ध झाली. एका दुभत्या गाईत ओरिजिस सापडला. त्या देशात तो जंतू नव्हता. गाईचा जंतू भारतातून तिथे गेलेल्या एका क्षयरुग्णाच्या जंतूशी जुळला. माणसाने तो कुठल्या तरी भारतीय गोठ्यातून किंवा भारतीय माणसाकडून घेतला असेल, आणि समुद्र ओलांडून तो पुन्हा गाईत उतरला.

आपल्याकडे घरात क्षयाचा रुग्ण निघाला की आरोग्यसेविका घरातल्या सगळ्यांची चौकशी करते, पाच वर्षांखालच्या मुलांना आधी पाहते, प्रतिबंधक गोळ्या सुरू करते. त्याच घरामागे दावणीला बांधलेली गाय आणि तिचे वासरू पाहायला जनावरांच्या दवाखान्यातून कोणी येत नाही. तिथल्या डॉक्टरला त्या घरात क्षयाचा रुग्ण आहे हे कळलेलेच नसते.